चुना, श्वास आणि छत्तीस तास

२६ जुलै २००५ म्हटलं की मीरा रोड-भाईंदरच्या प्रत्येक घरात एक तरी गोष्ट निघतेच. कोणी दहिसरपासून चालत आलं, कोणी रात्रभर लोकलमध्ये बसून राहिलं. आमच्या पिढीचा जन्मच त्या सुमाराचा, त्यामुळे आम्हाला या गोष्टी पाठ आहेत. पण दुसऱ्या दिवशी, म्हणजे २७ जुलैला, समुद्रात काय झालं हे मी होस्टेलवर विचारलं तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून हा लेख.

मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर आत, अरबी समुद्रात, 'मुंबई हाय' हे तेलक्षेत्र आहे. १९७४ साली तिथे तेल लागलं. २७ जुलै २००५ ला ओएनजीसीचं 'समुद्र सुरक्षा' हे जहाज तिथल्या 'मुंबई हाय नॉर्थ' प्लॅटफॉर्मजवळ होतं. जहाजावरच्या एका आचाऱ्याची बोटं कापली गेली होती. वादळी हवामानामुळे हेलिकॉप्टर उडत नव्हतं, म्हणून त्याला प्लॅटफॉर्मवर पोचवायचं ठरलं. ते होताना जहाज प्लॅटफॉर्मच्या गॅस वाहून नेणाऱ्या उभ्या पाइपवर आदळलं. गॅस पेटला. सुमारे दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म कोसळला. ३८४ पैकी ३६२ जण वाचले, २२ गेले. जहाजालाही आग लागली, ते सोडून द्यावं लागलं आणि १ ऑगस्टला ते बुडालं.

आता खरी गोष्ट. जहाज सोडलं तेव्हा त्याच्यावरच्या पोलादी चेंबरमध्ये सहा पाणबुडे बंद होते. (पाणबुडे म्हणजे डायव्हर, पाणबुडी म्हणजे सबमरीन, घोळ नको!) ते बाहेर येऊ शकत नव्हते. ३६ तासांनी त्यांना सोडवण्यात आलं आणि सहाही जण वाचले.

छत्तीस तास, एका बंद पिंपात सहा माणसं. त्यांना आधी कशाची चणचण भासली असती? बहुतेक जण पटकन 'ऑक्सिजन' म्हणतील. उत्तर वेगळं आहे, आणि ते आपल्या आजीच्या पानाच्या डब्याशी जाऊन पोचतं. चला, बघू या.

दार उघडलं का नाही?

मालवण-तारकर्लीच्या ट्रिपला ज्यांनी स्कूबा केलंय त्यांना सिलिंडर, नळी आणि वर जाणारे बुडबुडे आठवत असतील. त्याला 'ओपन सर्किट' म्हणतात. श्वास घेतला, सोडला, सोडलेली हवा पाण्यात गेली. दहा मीटरवर अर्धा तास फिरायला हे झकास.

मुंबई हायला पाणी ७५-८० मीटर खोल आहे आणि काम तासन् तासांचं. तिथे 'सॅच्युरेशन डायव्हिंग' करतात. पाणबुडे जहाजावरच्याच एका चेंबरमध्ये राहतात, जेवतात, झोपतात, आणि त्या चेंबरमधला दाब समुद्रतळाइतका ठेवलेला असतो. कामाला जाताना त्याच दाबाच्या एका 'बेल'मध्ये बसून खाली जायचं आणि परत यायचं. शरीरात एकदा वायू पूर्ण मुरला की मग कितीही दिवस राहा, वर येण्याचा वेळ तेवढाच लागतो. पण तो वेळ मोठा असतो. ढोबळ हिशोब असा, की दर ३० मीटरला एक दिवस आणि वर आणखी एक दिवस. म्हणजे ८० मीटरला साडेतीन-पावणेचार दिवस. मध्येच दार उघडलं तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर जे होतं तेच रक्तात होतं.

म्हणजे बाहेर आग आणि आत मात्र बसूनच राहायचं. आता त्या आतल्या हवेचा हिशोब मांडू.

आधी काय संपतं?

समजा चेंबर १२ घनमीटरचं आहे. (हा आकडा मी गणितासाठी घेतलाय, त्या जहाजाचा नाही.) स्वस्थ बसलेला माणूस तासाला साधारण १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. आपण त्याला यापुढे सीओटूच म्हणू, उच्चारायला सोपं. सहा माणसं म्हणजे तासाला ९० लिटर. ऑक्सिजनही साधारण तेवढाच खर्च होतो.

वायूचा शरीरावरचा परिणाम टक्केवारीवर नाही, तर त्याच्या आंशिक दाबावर अवलंबून असतो. (थर्मोमध्ये डाल्टनचा नियम वाचलाय ना, तोच.) चेंबरमध्ये सीओटूचा आंशिक दाब ५ मिलिबारच्या आत ठेवायचा असा दंडक आहे. १२,००० लिटरच्या जागेत ५ मिलिबार म्हणजे ६० लिटर सीओटू. तासाला ९० लिटरने ही मर्यादा ४० मिनिटांत ओलांडली जाते! ५० मिलिबारला जोराची धाप आणि डोकेदुखी येते, आणि तिथे पोचायला पावणेसात तास पुरतात. १०० मिलिबारच्या आसपास माणूस बेशुद्ध होतो.

आणि ऑक्सिजन? चेंबरमध्ये तो साधारण ४०० मिलिबार ठेवतात. १६० पर्यंत उतरला तरी माणूस शुद्धीवर असतो. मधले २४० मिलिबार म्हणजे २,८८० लिटर. ते संपायला ३२ तास लागतात. शिवाय ऑक्सिजन घालता येतो. सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने फिरवला की झालं, त्याला वीज लागत नाही. सीओटू काढून टाकायला मात्र असा व्हॉल्व्ह नसतो. चेंबरमधला सगळा वायू पुन्हा पुन्हा बदलायचा म्हटलं तर साठा भराभर संपतो.

म्हणून बंद जागेत पहिला शत्रू आपणच सोडलेला श्वास. मग ते चेंबर असो, पाणबुडी असो, अवकाशयान असो किंवा पाणबुड्याच्या पाठीवरचं 'रिब्रीदर' असो. रिब्रीदर म्हणजे तोच वायू फिरवून फिरवून वापरणारं उपकरण. सोडलेल्या श्वासातही जवळजवळ १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो, तो बुडबुड्यांत फुकट का घालवायचा, हा त्यामागचा विचार. बुडबुडे नाहीत म्हणजे आवाजही नाही, त्यामुळे नौदलांना ते प्रिय. त्यात दोन कामं करावी लागतात: खर्च झालेला ऑक्सिजन थोडा थोडा घालायचा आणि जमा झालेला सीओटू शोषून घ्यायचा. पहिलं काम सेन्सर आणि व्हॉल्व्ह करतात. दुसरं करतो एक डबा, ज्यात भरलेला असतो... चुना!

पानाच्या डब्यापासून वसईच्या किल्ल्यापर्यंत

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे आमच्या लॅबमध्ये ते 'लाइमवॉटर' होतं. त्यात फुंकर मारली की दुधाळ होतं आणि मार्क मिळतात. त्याला मराठीत 'चुन्याची निवळी' म्हणतात हे मला आजीने सांगितलं, आणि खरं सांगायचं तर हा शब्द लाइमवॉटरपेक्षा कितीतरी छान आहे. चुना पाण्यात कालवून ठेवला की वर जे निवळतं ती निवळी.

आजी पानाला लावते तो चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. त्याला सीओटू मिळाला की त्याची चुनखडी होते आणि पाणी सुटतं. खाडीपलीकडे वसईचा किल्ला आहे, १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकलेला. त्याचे दगड चुन्यानेच सांधलेले. पूर्वी आपल्या किनाऱ्यावर शिंपले भाजूनही चुना करत. मुंबईत हार्बर लाइनवर 'चुनाभट्टी' नावाचं स्टेशनच आहे. भिंतीतला चुना हवेतला सीओटू हळूहळू शोषतो आणि बाहेरून आत दगडासारखा घट्ट होत जातो. जाड भिंतीत याला वर्षानुवर्षं लागतात.

पाणबुड्याच्या डब्यातही हेच होतं. फरक एवढाच की भिंतीला वर्षं मिळतात आणि डब्याला दोनेक सेकंद. श्वास डब्याच्या एका बाजूने शिरतो, दुसरीकडून बाहेर पडतो, आणि तेवढ्यात सगळा सीओटू पकडला गेला पाहिजे. रसायन दोन्हीकडे एकच. या दोन सेकंदांत ते घडवून आणणं हे इंजिनिअरिंग.

हेन्री फ्ल्यूस या इंग्रजाने १८७८-७९ च्या सुमारास पहिलं कामचलाऊ रिब्रीदर केलं, तेव्हा त्याने कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेले दोराचे धागे वापरले होते. सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यात पाणी घुसल्यावर १८८० मध्ये अलेक्झांडर लँबर्ट नावाचा पाणबुड्या हेच उपकरण घालून अंधाऱ्या बोगद्यात गेला आणि दरवाजा बंद करून आला. कल्पना बरोबर होती, पण कॉस्टिक अंगावर आला तर भाजतं. आजचं उत्तर आहे 'सोडालाइम'.

सोडालाइम काम कसं करतं?

सोडालाइममध्ये साधारण ७५ ते ८० टक्के चुना, ३-४ टक्के कॉस्टिक सोडा आणि १४ ते १९ टक्के पाणी असतं. हो, पाणी! कोरडा चुना फारच आळशी असतो. काम तीन पायऱ्यांत चालतं:

१. सीओटू दाण्यावरच्या ओलाव्यात विरघळतो आणि कार्बोनिक आम्ल होतं.

२. कॉस्टिक सोडा या आम्लाला झटकन पकडतो आणि सोडियम कार्बोनेट तयार होतं.

३. सोडियम कार्बोनेट तो सीओटू चुन्याला देतं. चुन्याची चुनखडी होते आणि कॉस्टिक सोडा पुन्हा मोकळा होतो.

म्हणजे कॉस्टिक सोडा आपल्या मेसमधल्या वाढप्यासारखा. तो स्वतः जेवत नाही, फक्त ताटं इकडून तिकडे पटापट पोचवतो. जेवणारा चुना. सगळा चुना जेवून तृप्त झाला की वाढपी कितीही चपळ असला तरी उपयोग नाही.

या सगळ्यात उष्णता सुटते, दर मोलला सुमारे ११३ किलोज्यूल. चालू डबा हाताला कोमट लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

कागदावरचे २६० आणि पाण्यातले १२०

एक किलो सोडालाइममध्ये ८०० ग्रॅम चुना धरला तर स्टॉइकिओमेट्रीने तो जवळजवळ २६० लिटर सीओटू शोषेल. व्हायवात हे उत्तर चालेल. प्रत्यक्षात किलोमागे १०० ते १५० लिटरच हाती लागतात. आपण १२० धरू. मग निम्म्याहून जास्त चुना जातो कुठे? 'अॅब्सॉर्बंटचा परफॉर्मन्स' म्हणतात तो सगळा याच प्रश्नात आहे.

पहिलं कारण दाण्यातच आहे. दाण्याच्या बाहेरच्या भागाची आधी चुनखडी होते आणि आतला चुना तिच्याआड राहतो. म्हणून दाणे बारीक केले तर पृष्ठभाग वाढतो आणि चुना जास्त वापरला जातो. पण फार बारीक केले तर श्वास ओढायलाच जोर लागतो, आणि वर धूळ. डायव्हिंगच्या ग्रेडचे दाणे साधारण १ ते २.५ मिलिमीटरचे असतात, हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमधले २.५ ते ५ चे. न्यूझीलंडच्या ऑकलंडमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एकाच रिब्रीदरमध्ये दोन्ही प्रकार भरून तुलना प्रसिद्ध केली. डायव्हिंगचा ग्रेड ठळकपणे जास्त वेळ टिकला. दोन्हींवर 'सोडालाइम' लिहिलेलं असलं तरी एकाच्या जागी दुसरं भरून तेवढाच वेळ मिळेल असं धरता येत नाही.

दुसरं कारण भरण्यात. आई रव्याचा डबा भरताना मध्ये मध्ये ओट्यावर आपटते, म्हणजे रवा बसतो. सोडालाइम असंच ठोकून बसवावं लागतं. सैल राहिलं तर वायू कमी अडथळ्याची वाट शोधतो, त्या वाटेवरचे दाणे संपतात आणि बाजूचे कोरेच राहतात. याला 'चॅनेलिंग' म्हणतात. डबा ९० टक्के ताजा आणि पाणबुड्या मात्र सीओटू ओढतोय, असं होऊ शकतं.

तिसरं, थंडी. रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. युरोपच्या ईएन १४१४३ या मानकात रिब्रीदरची चाचणी ४० मीटर खोलीच्या दाबाला आणि ४ अंश सेल्सिअस पाण्यात घेतात, मिनिटाला १.६ लिटर सीओटू सोडून. ५ मिलिबारची मर्यादा ओलांडली की वेळ संपली. अडीच किलोचा डबा घ्या: अडीच गुणिले १२० म्हणजे ३०० लिटर, भागिले १.६, म्हणजे तीन तासांच्या थोडं वर. आपला अरबी समुद्र कोमट, त्यामुळे इथे थंडीचा त्रास कमी.

चौथं, खोली. हे जरा डोक्याला ताण देणारं आहे. ४० मीटरवर दाब पाचपट, म्हणजे तेवढ्याच आकारमानात पाचपट रेणू. पण माणूस सीओटू तेवढाच सोडतो. विरारला उतरायचं असलेला माणूस आणि गाडीत पाचपट गर्दी, असं झालं. दारापर्यंत, म्हणजे दाण्याच्या पृष्ठभागापर्यंत, पोचायला सीओटूला वेळ लागतो आणि तेवढ्यात स्टेशन निघून जातं. त्यात हा दाट वायू डब्यातली उष्णताही जास्त वाहून नेतो.

पाचवं, मेहनत. जोरात पोहलं की सीओटू दुप्पट-तिप्पट होतो आणि श्वासही भराभर चालतो. म्हणजे डब्यावर बोजा जास्त आणि प्रत्येक श्वासाला डब्यात मिळणारा वेळ कमी. डबा जेव्हा सगळ्यात जास्त लागतो नेमका तेव्हाच तो सगळ्यात कमी साथ देतो.

शेवटी पाणी. ओलावा हवा पण पूर नको. रिब्रीदरमध्ये समुद्राचं पाणी शिरलं तर कॉस्टिक सोडा त्यात विरघळून थेट तोंडाशी येतो. पाणबुड्यांनी या दाहक मिश्रणाला 'कॉस्टिक कॉकटेल' असं नाव दिलंय. नाव गमतीचं आहे, प्रकार अजिबात नाही.

रंगावर जाऊ नये

आमच्या बिल्डिंगमध्ये एक भूलतज्ज्ञ मावशी राहतात. या लेखासाठी मी त्यांना गाठलं. ऑपरेशनच्या वेळी रुग्णाला दिलेला भुलीचा वायू वाया जाऊ नये म्हणून तो फिरवून वापरतात आणि मध्ये सोडालाइमचा डबा असतो. अमेरिकेत राल्फ वॉटर्स या डॉक्टरांनी १९२४ च्या सुमारास ही पद्धत रूढ केली. म्हणजे आपल्या भाईंदरच्या ऑपरेशन थिएटरमध्येही पाणबुड्यांचाच चुना!

मावशींनी मोबाइलवर डब्याचा फोटो दाखवला. वरचे दाणे जांभळे, खालचे पांढरे. त्यात एथिल व्हायोलेट नावाचा रंग असतो, चुना संपत आला की तो जांभळा होतो.

मी म्हटलं, "मग सोपंच आहे की मावशी. जांभळं झालं की बदला."

त्या म्हणाल्या, "एवढं सोपं असतं तर काय हवं होतं गं! रात्रभर तसाच ठेवलास ना, तर सकाळी तोच डबा परत पांढरा दिसतो. नवीन माणूस म्हणेल ताजा आहे. लावला की थोड्या वेळात पुन्हा जांभळा. म्हणून आम्ही रंग बघतो, पण विश्वास कॅप्नोग्राफवर ठेवतो."

कॅप्नोग्राफ म्हणजे रुग्णाच्या श्वासातला सीओटू सतत मोजणारं यंत्र. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. थिएटरमध्ये आकडा समोर असतो. दमट, खारट, दाबाखालच्या वातावरणात भरवशाने चालणारा सीओटू सेन्सर करणं कठीण, त्यामुळे पाण्याखाली बहुतेकांना तो आधार नसतो. काही रिब्रीदरमध्ये डब्याच्या मधोमध तापमापकांची एक काठी असते. क्रिया जिथे चालू आहे तिथे गरम, त्यामुळे गरम पट्टा डब्यात कुठवर सरकलाय ते कळतं. युक्ती छान आहे, पण ती उष्णता मोजते, सीओटू नाही. नीट न बसवलेल्या डब्यातून निसटणारा वायू तिला दिसत नाही.

म्हणून पाणबुड्यांचा नियम अगदी जुन्या वळणाचा आहे: डबा कधी भरला, किती मिनिटं वापरला, हे लिहून ठेवायचं, आणि शंका आली की फेकायचा. अर्धा वापरलेला चुना ओतून परत भरायचा नाही, कारण वापरलेले आणि ताजे दाणे मिसळले की काहीच सांगता येत नाही.

शरीर सांगेल की!

शरीर सांगतं, पण उशिरा. जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १९०५ मध्ये प्रिस्टली यांच्याबरोबर दाखवून दिलं, की आपला श्वास मुख्यतः सीओटूच्या प्रमाणावर चालतो. सीओटू वाढला की धाप लागते. धाप लागली की माणूस घाबरतो, घाबरला की आणखी सीओटू तयार होतो. त्यात विचारशक्ती मंदावते. 'उपकरण बदल' एवढा साधा निर्णयसुद्धा सुचत नाही.

१ जून १९३९ ला 'थेटिस' ही ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीच्या वेळी बुडाली. आत १०३ माणसं, म्हणजे नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. चार जण सुटले, ९९ गेले. सुटकेची सोय असूनही त्यांना ती का वापरता आली नाही, याचा शोध जे. बी. एस. हाल्डेन यांनी घेतला. हे जॉन हाल्डेन यांचे चिरंजीव. त्यांनी साथीदारांबरोबर स्वतःला पोलादी चेंबरमध्ये कोंडून घेतलं आणि सीओटू वाढत जातो तसं काय काय होतं ते अनुभवलं. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथलेच झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

पुन्हा त्या चेंबरकडे

आता सहा माणसं आणि ३६ तास हा हिशोब पूर्ण करू. तासाला ९० लिटर, म्हणजे ३६ तासांत ३,२४० लिटर सीओटू. वजनात जवळजवळ सहा किलो! किलोमागे १२० लिटर धरले तर लागेल २७ किलो सोडालाइम. एका माणसामागे साडेचार किलो. एरवी चेंबरमध्ये पंखे वायूला सोडालाइमच्या डब्यातून फिरवत राहतात. वीज गेली की पंखे थांबतात आणि शेजारी पडलेला २७ किलो चुना वसईच्या भिंतीसारखा स्वस्थ बसून राहतो.

म्हणून सॅच्युरेशन चेंबरसाठी एक आणीबाणीची सोय असते. प्रत्येकाला तोंडाला लावायचा एक छोटा सोडालाइमचा डबा. पंखा नाही, बॅटरी नाही. छातीचा भाताच पंप. श्वास त्या डब्यातून सोडायचा आणि त्यातूनच घ्यायचा. सोबत जाड उबदार पिशवी, कारण हेलियम हवेच्या जवळपास सहापट वेगाने उष्णता पळवतो आणि हीटर बंद पडले की आतली माणसं गारठतात. आठवतंय ना, क्रियेत उष्णता सुटते? तासाला १५ लिटरने ती माणशी सुमारे २० वॉट होते, म्हणजे आपल्या खोलीतल्या एलईडी ट्यूबइतकी. श्वास त्या गरम डब्यातून आत जातो तेव्हा ती ऊब छातीला मिळते. एकच मूठभर रसायन विषही काढतं आणि शेकोटीही होतं.

'समुद्र सुरक्षा'च्या निमित्ताने माझ्यासारख्या इंजिनिअरिंगच्या मुलीला पटलं ते इतकंच: ३६ तास माणसं जगू शकतात की नाही हे त्या दिवशी ठरत नाही. आधी कोणीतरी किती किलो लागेल याचा हिशोब करून ठेवलेला असतो, तेवढं सोडालाइम हवाबंद ठेवलेलं असतं आणि वीज नसताना ते कसं चालेल याचा विचार केलेला असतो. त्यावर सगळं अवलंबून.

जाता जाता, ज्यांना फायनल इयर प्रोजेक्टला विषय हवाय त्यांच्यासाठी एक. पारदर्शक नळी, थोडं सोडालाइम, बेकिंग सोडा आणि व्हिनेगरपासून केलेला सीओटू, एक छोटा पंप आणि बाजारात मिळणारा इन्फ्रारेड सीओटू सेन्सर. एकदा सैल भरा, एकदा ठोकून भरा, एकदा वाळवून भरा. बाहेर पडणाऱ्या सीओटूचे तीन आलेख एकाच कागदावर काढा. मिनिटांत केवढा फरक पडतो ते बघाल. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि त्या नळीतून कोणीही श्वास घेऊन बघायचा नाही, पैज लागली तरी नाही! बुरेट-पिपेटच्या कपाटाजवळची चुन्याची निवळी मी पुढच्या सेममध्ये याच कामाला लावणार आहे. कोणाला यायचं असेल तर लॅबमध्ये भेटा.